बाग, वाडी, अंगण : बालवाडीतील एका आठवड्याचा इतिहास

ज्येष्ठ वद्यात देहूहून निघालेली तुकोबांची पालखी पुणे ओलांडून लोणी काळभोरला येते आणि तेथून दौंड तालुक्यात शिरते. या तालुक्यात तिचे दोन मुक्काम पडतात, एक यवतला आणि दुसरा वरवंडला. पालखी बारामतीच्या दिशेने निघून गेली की रस्त्याकडेचा चिखल वाळण्याआधीच गावोगावच्या बालवाड्यांतून तिची एक लहानशी प्रतिकृती निघते. चार-पाच वर्षांचे विठोबा, त्यांच्याहून उंच असलेल्या रुक्मिणी, प्लास्टिकच्या कुंडीतली तुळस आणि गळ्यापेक्षा मोठे टाळ. भीमेकाठच्या दौंडपासून घोडनदीकाठच्या शिरूरपर्यंत आषाढी एकादशीच्या अलीकडचा हा आठवडा साधारण सारखाच जातो. सोमवारी एखाद्या रंगाची ओळख, मंगळवारी वजन-उंचीची नोंद, बुधवारी गोष्ट आणि तिच्यातल्या प्राण्यांचे आवाज, गुरुवारी घोटीव कागदाच्या पताका आणि बोटांना लागलेली खळ, शुक्रवारी दिंडी, शनिवारी निम्मी मुले गैरहजर. मध्ये रोज एकदा गरम खिचडी किंवा उसळ, आणि रोज एकदा तरी कोणाचे तरी घरच्या आठवणीने रडणे.

हा आठवडा इतका परिचयाचा आहे की त्याला काही इतिहास असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. शाळा-महाविद्यालयांचे इतिहास आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. पहिली मुलींची शाळा, पहिले ट्रेनिंग कॉलेज, पहिले क्रमिक पुस्तक यांच्या तारखा आपण विद्यार्थ्यांना पाठ करायला लावतो. परंतु गोल करून बसणे, टाळ्या वाजवून गाणे म्हणणे, कागद दुमडणे, सणाला नटून येणे या गोष्टी मराठी मुलाच्या दिवसात केव्हा आणि कोणामार्फत आल्या, हा प्रश्न आपण विचारीत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही तो विचारून पाहणार आहोत. साहित्याच्या अभ्यासकांना तो परका वाटू नये, कारण त्याचे उत्तर बऱ्याच अंशी तीन शब्दांत दडलेले आहे : बाग, वाडी आणि अंगण.

आरंभ बागेपासून करू. फ्रीड्रिख फ्रोबेल या जर्मन शिक्षकाने 1837 मध्ये ब्लांकेनबुर्ग या गावी लहान मुलांसाठी एक संस्था काढली आणि 1840 मध्ये तिला ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिले. हे नाव केवळ अलंकारिक नव्हते. फ्रोबेलच्या योजनेत खरोखरीची बाग होती. प्रत्येक मुलाचा स्वतःचा एक छोटा वाफा आणि त्या वाफ्यांभोवती सर्वांची सामाईक जमीन. एकाने आपल्यापुरते काय करावे आणि सर्वांनी मिळून काय करावे, हे मुलाने मातीतच शिकावे, ही त्यामागची कल्पना. वर्गातही त्याने हेच सूत्र ठेवले. लोकरीचे सहा रंगीत चेंडू, लाकडी गोल, घन आणि दंडगोल, पुढे आठ तुकड्यांत विभागलेला घन, अशी क्रमाने दिली जाणारी साधने ही मुलाची एकट्याची. तर फेर धरून म्हणायची गाणी आणि खेळ हे सर्वांचे. आज आपल्या बालवाडीत मुले जो गोल करतात, त्याचा एक उगम या फेरात आहे. दुसरा अर्थातच आपल्या अंगणातल्या फुगडीत आणि भोंडल्यात आहे, त्याकडे आपण पुढे येऊ.

उत्सवालाही फ्रोबेलने महत्त्वाचे स्थान दिले होते. 1850 च्या ऑगस्टमध्ये आल्टेनस्टाइन येथे त्याने तीनशेहून अधिक मुलांचा क्रीडोत्सव भरवला. गावोगावची मुले गाणी म्हणत तेथे जमली आणि त्यांनी एकत्र खेळ केले. यानंतर बरोबर एका वर्षाने, 1851 च्या ऑगस्टमध्ये, प्रशियाच्या सरकारने किंडरगार्टनवर बंदी घातली. नास्तिकता आणि समाजवाद यांचा प्रसार, असा आरोप होता. पुतण्या कार्ल याच्या जहाल लेखनाशी फ्रोबेलची गल्लत झाली, असे इतिहासकार सांगतात. बंदीच्या दुसऱ्याच वर्षी फ्रोबेल वारला. बंदी उठली ती 1860 मध्ये. तीन-चार वर्षांच्या मुलांनी एकत्र येऊन गाणी म्हणण्यात एखाद्या राज्यसत्तेला धोका दिसावा, हे आज विनोदी वाटते. आम्हांला मात्र त्यात एक तथ्य दिसते. लहान मुलांना कोणी, कोठे आणि कशासाठी एकत्र आणायचे, हा प्रश्न राजकीयच असतो.

बंदीमुळे ही कल्पना जर्मनीबाहेर पसरली. स्थलांतरित जर्मन स्त्रियांनी ती अमेरिकेत नेली, तेथे एलिझाबेथ पीबडींसारख्यांनी ती रुजवली, आणि 1886 मध्ये तेथेच ती एका मराठी बाईच्या दृष्टीस पडली. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी पंडिता रमाबाई फिलाडेल्फियाला गेल्या होत्या. समारंभ 11 मार्च 1886 ला झाला. रमाबाई मात्र अमेरिकेत पुढे जवळजवळ तीन वर्षे राहिल्या, आणि त्या काळात ज्या गोष्टींचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला, त्यांत फ्रोबेलची शिक्षणपद्धती होती. 1889 च्या मार्चमध्ये मुंबईत शारदासदन उघडताना ही पद्धती त्यांच्या मनात होती. विधवा मुलींना शिक्षिका म्हणून उभे करायचे, तर लहान मुलांना शिकवण्याचे शास्त्र त्यांच्या हाती द्यायला हवे, हा त्यांचा विचार होता.

येथे रमाबाईंच्या स्वतःच्या बालपणाचे स्मरण ठेवणे आवश्यक वाटते. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणे सांगत तीर्थोतीर्थी हिंडत असत, आणि आई लक्ष्मीबाई पहाटे, दिवसाची कामे सुरू होण्याआधी, लेकीला संस्कृत शिकवीत. ना वर्ग, ना फळा, ना वेळापत्रक. पुढे दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण अशी तिन्ही माणसे थोड्याच अवधीत गेली. ज्या बाईला स्वतःला बाग कधी मिळाली नाही, उपासमार मात्र भरपूर मिळाली, तिने फ्रोबेलची बाग मराठी मुलखात आणावी, या घटनेकडे आपल्या वाङ्मयेतिहासाने म्हणावे तितके लक्ष दिलेले नाही. रमाबाईंवरची आपली चर्चा धर्मांतरापाशी सुरू होते आणि बहुधा तेथेच संपते.

1896-97 च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तेथून सुमारे तीनशे मुली-स्त्रिया घेऊन आल्या. पुण्यात त्या वेळी प्लेगचे निर्बंध होते. एवढ्या जणींना शहरात ठेवणे अशक्य झाले, तेव्हा केडगावला घेतलेली जमीन कामी आली. केडगाव दौंड तालुक्यात, पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आहे. यवत आणि वरवंड हे पालखीचे मुक्काम त्याच्या दोन बाजूंना आहेत. या माळावर 1898 मध्ये मुक्तिसदनाची रीतसर स्थापना झाली. 1900 च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील वस्ती दोन हजारांच्या आसपास गेली. तेथे शाळा होती, शिक्षिका तयार करण्याची सोय होती, छापखाना होता, विणकाम आणि इतर उद्योग होते, अंध मुलींसाठी सदन होते, आणि लहान मुलांसाठी किंडरगार्टनही होते.

फिलाडेल्फियातले किंडरगार्टन आणि केडगावचे किंडरगार्टन यांत कोणता फरक पडला असेल? आमचे अनुमान असे आहे की फरक साधनांत नव्हता, मुलांत होता. फ्रोबेलने गृहीत धरलेले मूल पोट भरून, आईचा हात सोडून बागेत येत होते. केडगावचे मूल पोट खपाटीला गेलेले, आई गमावलेले. त्याच्या बाबतीत अन्न आणि आंघोळ आधी, चेंडू आणि घन मागाहून. फ्रोबेलच्या योजनेतले कागदाच्या पट्ट्यांचे विणकाम ही बोटांची क्रीडा होती. केडगावात त्याच्या शेजारीच खरा माग चालत होता, आणि मोठेपणी त्या मुलीला त्यावर पोट भरायचे होते. खेळ आणि उद्योग यांतले अंतर येथे फार थोडे उरले. धर्मोपदेशाचा भागही त्या आठवड्यात होताच, आणि तो नाकारण्याचे किंवा झाकण्याचे कारण नाही. परंतु उपाशी मुलासमोर बालशिक्षणाचे शास्त्र ठेवले की त्या शास्त्राला आपली गृहीतके तपासून घ्यावी लागतात. महाराष्ट्रात ही कसोटी ज्या ठिकाणी फार लवकर लागली, त्यांत दौंड तालुक्यातील या माळाची गणना करायला हवी.

मिशनरी मंडळींचा वावर या भागात त्याआधीपासून होताच. अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे एकोणिसाव्या शतकातच शिरूरला होते, आणि दौंडवरून पुढे जाणाऱ्या लोहमार्गावर, सोलापुरात, त्याच मिशनच्या मेरी हार्डिंग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी किंडरगार्टन आणि त्यासाठी लागणाऱ्या शिक्षिकांचे प्रशिक्षण सुरू केले. तरीही हा प्रवाह आपल्या मुख्य शिक्षणविचारात मिसळला नाही. तो मिशनच्या कुंपणात राहिला. मराठी समाजाने बालशिक्षण आपले म्हणून स्वीकारले ते आणखी दोन दशकांनी, आणि तेही गुजरातच्या वाटेने.

1907 च्या जानेवारीत मारिया मॉन्टेसरी यांनी रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत ‘बालकांचे घर’ उघडले. येथे रूपक बदलले, हे लक्षात घ्यावे. बागेत माळी असतो आणि रोपे त्याच्या देखरेखीखाली वाढतात. घरात मूल स्वतःच घरमालक. लहान खुर्च्या, हाताशी येणारी फडताळे, आपले आपण काम करणारे मूल आणि बाजूला उभी राहून निरीक्षण करणारी बाई. भावनगरला गिजुभाई बधेका यांनी 1920 मध्ये दक्षिणामूर्तीचे बालमंदिर सुरू केले, तेव्हा त्या घराचे मंदिर झाले. 1923 मध्ये तेथे तारा मोडक आल्या. मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर, वडील प्रार्थनासमाजी, स्वतःचा संसार मोडलेला, पदरी लहान मुलगी. गिजुभाई आणि ताराबाई यांनी मिळून मॉन्टेसरींचे तंत्र हिंदी मातीत उतरवण्याचे काम हाती घेतले. 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, आणि 1936 मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केले.

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी येथे एका मतभेदाकडे विशेष लक्ष द्यावे, असे आम्हांला वाटते. मॉन्टेसरींचा परीकथांना विरोध होता. खरे आणि काल्पनिक यांतला भेद न कळणाऱ्या वयात मोठ्यांनी आपल्या कल्पना मुलावर लादू नयेत, असे त्यांचे म्हणणे. गिजुभाईंनी मॉन्टेसरींचे पुष्कळ घेतले, पण हे घेतले नाही. त्यांनी लोककथा गोळा केल्या, त्या मुलांना सांगितल्या, गोष्ट कशी सांगावी याचे शास्त्र ‘वार्तानुं शास्त्र’ या ग्रंथात लिहून काढले. त्यांच्या बालमंदिरात नाट्य होते, गाणी होती. ज्या समाजात आजीच्या तोंडून गोष्ट ऐकत मूल झोपी जाते, त्या समाजातून गोष्ट काढून घेणे म्हणजे शास्त्राच्या नावाने मुलाचे घरच काढून घेणे होय, हे त्यांनी ओळखले होते. आपल्या आठवड्यातला बुधवार, गोष्टीचा दिवस, अशा रीतीने मॉन्टेसरींना नकार देऊन टिकलेला आहे. आयात विचार स्वीकारताना कोणते कलम गाळायचे, याचा एवढा ठाम निर्णय आपल्या समीक्षेतही क्वचितच आढळेल.

शिशुविहार शहरातल्या मध्यमवर्गाचे होते, आणि ताराबाईंना त्याची मर्यादा जाणवत होती. मॉन्टेसरींची साधने महाग होती. गांधींनी 1931 च्या ऑक्टोबरमध्ये लंडनला मॉन्टेसरींच्या प्रशिक्षण संस्थेत भाषण केले होते. गरिबाच्या मुलापर्यंत हे कसे पोचेल, हा प्रश्न तेव्हापासून वातावरणात होता. त्याला ताराबाईंनी प्रत्यक्ष उत्तर दिले 1945 च्या डिसेंबरात, बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू करून. वय वर्षे त्रेपन्न. सोबतीला अनुताई वाघ होत्या. अनुताईंचा जन्म 17 मार्च 1910 चा, मोरगावचा. मोरगाव बारामती तालुक्यात असले, तरी दौंडकरांना ते शेजारच्या गावासारखेच. तेराव्या वर्षी लग्न, काही महिन्यांतच वैधव्य. नंतर शिक्षण, गावातली नोकरी, मग पुण्यात हुजूरपागेत अध्यापन. रमाबाईंनी ज्या मुलींसाठी शारदासदन काढले होते, त्यांच्याच वाट्याचे हे आयुष्य. आपल्या या भागाने बालशिक्षणाला दिलेले हे दुसरे नाव.

बोर्डीत पहिला धडा बायांनाच मिळाला. बालवाडी उघडली म्हणून मुले येत नाहीत. वारली पाड्यांवरचे पाच वर्षांचे मूल धाकट्याला सांभाळते, सहा-सात वर्षांचे गुरे राखते. मग बालवाडीच उठून पाड्यावर गेली. झाडाखाली, कोणाच्या तरी अंगणात, सारवलेल्या जमिनीवर. आधी मुलांना आंघोळ घालायची, नखे काढायची, केस विंचरायचे आणि मग गाणे. साधने म्हणून बिया, शिंपले, पाने, खडे. गुरांमागे जाणाऱ्यांसाठी कुरणावर जाऊन घेतलेली कुरणशाळा. 1957 मध्ये हे केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेले. ताराबाई 1973 मध्ये निवर्तल्या, अनुताई 1992 पर्यंत तेथेच राबत राहिल्या. त्यांच्या आत्मचरित्राचे नावही ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ असेच आहे.

आता आपल्या तीन शब्दांकडे वळता येईल. ‘किंडरगार्टन’ला मराठीने ‘बालोद्यान’ हा संस्कृत प्रतिशब्द करून पाहिला, पण तो फारसा चालला नाही. चालला तो ‘बालवाडी’. वाडी म्हणजे कोकणात नारळी-पोफळीची बाग, आणि देशावर गावाबाहेरची वस्ती. शिरूर-दौंडच्या माणसाला वाडी म्हटले की झाडे आठवत नाहीत, भावकीची पंधरा-वीस घरे आठवतात. म्हणजे बागेचे भाषांतर करताना मराठीने नकळत त्या बागेत वस्ती वसवली. तिसरा शब्द ‘अंगणवाडी’. त्याचे श्रेय सामान्यतः ताराबाईंना दिले जाते. बागेला कुंपण असते, घराला दार असते, मंदिराला पायरी असते. अंगणाला यांतले काही नसते. तेथे मूल आधीच असते. जायचे असते ते बाईंना. शिक्षण मुलापर्यंत चालत जाईल, असे वचन या एका शब्दात आहे.

हे वचन राज्यसत्तेने उचलले ते 2 ऑक्टोबर 1975 रोजी. एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील 33 प्रकल्पांत सुरू झाली, आणि तिच्या केंद्राला अंगणवाडी हे नाव मिळाले. पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, संदर्भसेवा, मातांचे आरोग्यशिक्षण आणि शाळापूर्व शिक्षण, अशा सहा सेवा एकाच खोलीत, एक सेविका आणि एक मदतनीस यांच्या बळावर. 2001 आणि 2006 मधील सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनी ही योजना सार्वत्रिक करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. केडगावच्या माळावर रमाबाईंना जे उमगले, अन्न आधी आणि चेंडू मागाहून, ते येथे राष्ट्रीय धोरण झाले. ही लहान गोष्ट नव्हे.

परंतु अन्न आधी आले, ते पुष्कळ ठिकाणी आधीच राहिले. आमच्या आठवड्यातला मंगळवार, वजन-उंचीचा दिवस, हळूहळू इतर वारांवर पसरत गेला. आहाराची नोंद, लसीकरणाची नोंद, गरोदर मातांची नोंद, सर्वेक्षणे, 2021 पासून मोबाईलवरील पोषण ट्रॅकर. शाळापूर्व शिक्षण सहा सेवांपैकी एक, आणि मोजता न येणारी. मोजता येत नाही ते आधी गळते. ज्या बाईने गोष्ट सांगायची, ती मान खाली घालून आकडे भरते आहे, हे दृश्य या दोन तालुक्यांपुरते मर्यादित नाही. 2022 च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत असा निर्णय दिला, आणि 2023 च्या डिसेंबरात महाराष्ट्रातील सेविका मानधनवाढीसाठी दीर्घ संपावर गेल्या. ‘मानधन’ हा शब्दही विचार करण्याजोगा आहे. काम पूर्ण दिवसाचे, आणि शब्द मात्र असा की जणू बाई हौसेने येत आहेत. विधवा आणि परित्यक्ता स्त्रियांना शिक्षिका म्हणून स्वतःच्या पायावर उभे करण्यापासून ज्या इतिहासाची सुरुवात झाली, त्याने सव्वाशे वर्षांनी त्या शिक्षिकेला वेतन हा शब्दही देऊ नये, ही आमच्या मते या कथेतील सर्वांत बोचणारी गोष्ट आहे.

दुसरीकडे बाजारानेही बाग उघडली. रांजणगाव आणि कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहतींभोवती, शिरूर-दौंड शहरांत नर्सरी, एल.के.जी., यू.के.जी. यांच्या पाट्या लागल्या. तेथे तीन वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल येते, गृहपाठ येतो. आईबापांना दोष देणे सोपे आहे. कंपनीत पाळीने जाणाऱ्या बापाला आपल्या मुलाने इंग्रजी अक्षर गिरवलेले दिसते, तेव्हा त्याला आपली फी कोठे गेली ते दिसते. गोल करून म्हटलेल्या गाण्यात ते दिसत नाही. मोजता न येणारे गळते, हा नियम येथेही लागू आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा सलग पायाभूत टप्पा मानला आणि खेळातून शिक्षण हे तत्त्व स्वीकारले. ताराबाईंचे म्हणणे कागदावर मान्य झाले, असे म्हणता येईल. पेन्सिल खाली ठेवायला अजून कोणी तयार नाही.

आणि उत्सव? आषाढी, नागपंचमी, दहीहंडी, गणपती, भोंडला, 14 नोव्हेंबरचा बालदिन, 3 जानेवारीची सावित्रीबाईंची जयंती, संक्रांतीचा तिळगूळ, 19 फेब्रुवारीची शिवजयंती. बालवाडीचे वर्ष या मण्यांनी ओवलेले आहे. ‘शिकणे कमी, साजरे करणे फार’ अशी टीका आपण शिक्षक मंडळी सहज करतो. आम्हीही ती करीत आलो आहोत. पण दिंडीचा तो आठवडा नीट पाहिला, तर टीका जरा सावधपणे करावी असे वाटू लागते. पताका कापताना त्रिकोण आला, टाळ वाजवताना ताल आला, रांगेत चालताना पुढच्याचे भान आले, अभंग म्हणताना घरात न बोलले जाणारे शब्द जिभेवर आले. फ्रोबेलचा फेर आणि वारीचे रिंगण येथे एकमेकांत मिसळले, आणि कोणी कोणाची नक्कल केली हे सांगता येणार नाही इतके मिसळले. केडगाव आणि पालखीमार्ग भूगोलात शेजारी आहेतच. बालवाडीच्या आठवड्यातही ते शेजारी नांदतात.

टीका करायचीच, तर ती दोन ठिकाणी करावी. पहिले ठिकाण म्हणजे प्रेक्षक. फ्रोबेलच्या उत्सवात मुले खेळत होती, आणि मोठी माणसे बघत होती ती मुलांच्या खेळासाठी. आजच्या दिंडीत पुष्कळदा मूल थांबते, कारण छायाचित्र नीट आलेले नसते. विठोबाने कमरेवरचे हात काढले की बाई पुन्हा ठेवायला लावतात. त्या क्षणी उत्सव मुलाचा राहत नाही, पालकांच्या मोबाईलचा होतो. ज्या साजरेपणात मूल कर्ता आहे ते शिक्षण, ज्यात ते देखावा आहे ते नाही, एवढी साधी कसोटी पुरेशी आहे. भाड्याने आणलेला पोषाख कोणाला परवडतो, म्हणून विठोबा कोण होतो, हाही प्रश्न तिच्यातच आला.

दुसरे ठिकाण अधिक गंभीर आहे : गैरहजर मूल. दिवाळीनंतर या ऊसपट्ट्यात बीड, मराठवाड्याचे इतर भाग आणि अहिल्यानगर येथून तोडणीकामगार येतात आणि गुढीपाडव्याच्या सुमारास परततात. संक्रांत, सावित्रीबाईंची जयंती, शिवजयंती, सगळे मणी याच काळातले. फडाच्या कडेला पाचटावर धाकट्याला घेऊन बसलेले पाच वर्षांचे मूल कोणत्याच गावच्या पटावर धडपणे नसते. आपल्या गावची अंगणवाडी त्याने दिवाळीला सोडलेली असते, येथल्या अंगणवाडीपासून त्याचा तळ लांब असतो. साखरशाळांसारखे प्रयत्न झाले. पण त्यांचा विचार शाळेच्या वयापासून सुरू होतो. अनुताईंना पाड्यावर जे मूल भेटले, धाकट्याला सांभाळणारे, ते हेच. कोसबाडला त्याच्यासाठी बालवाडी पाड्यावर चालत गेली होती. अंगणवाडी हा शब्द त्या चालण्यातून आला. आज शब्दाची पाटी गावच्या पक्क्या खोलीवर लागलेली आहे, खोलीला दार आहे, दाराला कुलूपही आहे. शब्द जागेवर राहिला आणि चालणे थांबले.

पक्की खोली नको, असे आमचे म्हणणे नाही. पावसाळ्यात अंगण काय कामाचे, हे कोणतीही सेविका सांगेल. आम्ही एवढेच सुचवू इच्छितो की आपण हा इतिहास नावांच्या क्रमाने लिहिण्याऐवजी मुलांच्या क्रमाने लिहून पाहावा : फ्रोबेलचे पोटभर जेवलेले मूल, रमाबाईंचे दुष्काळातले मूल, दादरचे मध्यमवर्गीय मूल, पाड्यावरचे वारली मूल, उसाच्या फडातले मूल. या क्रमाने वाचले म्हणजे ध्यानात येते की या इतिहासात प्रत्येक वेळी प्रगती झाली ती पद्धत सुधारल्यामुळे नव्हे, तर कोणीतरी आजवर गोलाबाहेर राहिलेल्या मुलाकडे उठून गेल्यामुळे. पद्धती त्यानंतर, त्या मुलाच्या गरजेने, आपोआप सुधारल्या.

पुढच्या आषाढात पालखी पुन्हा यवतेहून वरवंडकडे जाईल, आणि मागाहून लहान दिंड्या निघतील. आपल्यापैकी कोणी त्या वाटेने जाणार असेल, तर विठोबाचे छायाचित्र अवश्य घ्यावे. मग थोडा वेळ काढून बालवाडीच्या बाईंना विचारावे, आज पटावर किती आणि वाडीत किती. या दोन आकड्यांत जितके अंतर असेल, तितके चालणे अद्याप बाकी आहे.